कापूस गेला त्या गावांत

बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचं गाव. तिथला बाजार अख्ख्या लँकेशायरात नावाजलेला आहे. नोव्हेंबरच्या गारठ्यात त्या बाजारात कागदी पेल्यातून काळे वाटाणे मिळतात. नाव काळे, रंग तपकिरी. दाणा बारीक आणि साल चिवट. रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी साल फुटेपर्यंत मंद आचेवर रटरटू द्यायचे आणि वरून मीठ नि माल्टचं व्हिनेगर घालायचं. फोडणी नाही, तिखट नाही, कोथिंबीर नाही. आधी चमच्यानं वाटाणे खायचे, मग तळाशी राहिलेलं दाट पाणी पेला तोंडाला लावून प्यायचं. पहिल्याच घासाला मला बारशाच्या घुगऱ्या आठवल्या. शेजारी उभ्या असलेल्या एक आजीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरा पेला मागितला तशा त्या खुलल्या. म्हणाल्या, "आमच्या आईला गिरणीतून यायला उशीर व्हायचा. सकाळी जाताना ती हे चुलीवर ठेवून जायची."

गिरणी म्हटलं की माझे कान टवकारतात. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. दोन्हीकडे कापूस. आजोबांच्या अंगणात वेचणीच्या दिवसांत कापसाचे ढीग पडायचे आणि आम्ही पोरं त्यात उड्या मारून शिव्या खायचो. जळगावला खान्देश मिल, धुळ्याला आणि अमळनेरला प्रताप मिल. भोंग्यावर घड्याळं लावणारी गावं होती ती. नोकरीच्या निमित्तानं आम्ही नवरा-बायको बोल्टनला येऊन राहिलो, तेव्हा सामानात काळा मसाला होता, बिबडे होते, कळण्याचं पीठ होतं. निघताना नातेवाइकांनी बजावलं होतं की तिकडे सगळं उकडलेलं खातात, उपाशी राहाल. इथली आपली पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं त्याच समजुतीवर राहतात. घरी वरणभात, बाहेर पिझ्झा. ज्या गावात घर घेतलं त्या गावचा एक पदार्थ चाखलेला नसतो. मला याचं फार वाईट वाटतं. खान्देशी माणसाला तर इथल्या खाण्याची ओढ असायला हवी, कारण ते ज्यांचं खाणं आहे त्यांच्या हातातून आपला कापूस गेलेला आहे.

बोल्टन हे सॅम्युअल क्रॉम्प्टनचं गाव. त्यानं 1779 साली सूत कातायचं 'म्यूल' यंत्र बनवलं आणि पुढच्या शंभर वर्षांत हा सगळा मुलूख गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कापूस यायचा अमेरिकेतून. 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या. लाखो माणसं घरी बसली. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला जो भाव आला, त्यात जळगाव ही खान्देशची कापसाची मोठी पेठ झाली. तोवर जळगाव फारसं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात आली, भुसावळला जंक्शन झालं, आणि आपल्या काळ्या मातीतला कापूस गाठी बांधून मुंबईमार्गे लिव्हरपूलला उतरू लागला.

पश्चिम हिंदुस्थानातून आलेल्या त्या सगळ्या कापसाला इथले कामगार 'सुरत' म्हणत, आणि ते नाव त्यांना नकोसं होतं. धागा आखूड, कचरा जास्त, सूत पुन्हा पुन्हा तुटायचं. पगार कामावर, त्यामुळे पोटाला चिमटा बसायचा. देवा, कापूस दे पण सुरत देऊ नकोस, अशी प्रार्थना तेव्हा लोक करत, असं इथे अजून सांगतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जिव्हारी लागलं. त्या आखूड धाग्यामागेही कुणाची तरी उन्हातली वेचणी होती. पण तुटलेलं सूत जोडत बारा-बारा तास उभी राहिलेली ती बाईसुद्धा डोळ्यांपुढून हलेना. ती काय खात होती, पोरांना काय देत होती, सणाला काय गोड करत होती, हे मला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी लंडनच्या भारी हॉटेलांत जाऊन उपयोग नव्हता. शनिवार-रविवार धरून आम्ही लँकेशायर-यॉर्कशायरची लहान गावं पालथी घालायला लागलो.

सुरुवात घराजवळच्या एक्ल्सपासून. या गावात जेम्स बर्च नावाच्या माणसानं 1793 साली दुकानातून विकायला सुरुवात केलेली टिकिया आज 'एक्ल्स केक' म्हणून सगळ्या देशात मिळते. केक म्हणतात, पण हा केक नव्हे. लोण्याच्या खुसखुशीत पापुद्र्यांत बारीक काळ्या मनुका, साखर आणि किंचित मसाला भरून, कडा आत दुमडून, हातानं चपटा केलेला हा गोल. वर सुरीनं तीन चिरा आणि साखर. भट्टीतून निघतो तेव्हा मनुकांचा पाक त्या चिरांतून वर येऊन काळसर चिकटलेला असतो, आणि माझ्या मते तोच भाग सगळ्यांत चांगला. इथले जाणकार तो लँकेशायरच्या भुसभुशीत, आंबूस चीजबरोबर खातात. ऐकून चमत्कारिक वाटतं, खाऊन बघा. मनुकांचा गोडपणा एकट्यानं खाल्ला तर तिसऱ्या घासाला तोंड भरून येतं, चीजचा तुकडा मध्ये आला की पुन्हा नव्यानं भूक लागते. तिथून जवळच्या चॉर्ली गावचा केक साधा, चपटा, साखर कमी. त्यावर लोणी लावून खातात. दोन गावांत कोणाचा खरा यावरून अजून चुरस आहे. भरीत जळगावचं की बामणोदचं, असल्या भांडणांवर वाढलेल्या मला ती लगेच कळली.

या सगळ्या मुलखात घरापेक्षा दुकानातल्या भट्टीचं खाणं इतकं का, हा प्रश्न मला पडायचा. उत्तर गिरणीतच आहे. लँकेशायरमध्ये लग्न झालेल्या बायासुद्धा मोठ्या संख्येनं मागावर उभ्या राहत. पहाटे भोंगा व्हायचा, दुपारची सुट्टी थोडकी, घर एका-दोन खोल्यांचं. चूल पेटवून रांधायला वेळ कुणाला होता? म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर सारण भरून भाजलेले 'पाय' आणि पेस्टी, उकडलेले वाटाणे, तळलेले बटाटे विकणारी दुकानं आली. हातात धरून, उभ्यानं, ताटाशिवाय खाता येईल असं खाणं. बोल्टनच्या चर्चगेटवर पेस्टीचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या पाटीवर 1667 साल लिहिलेलं आहे. बाहेर शाळेतली मुलं, बांधकामावरचे कामगार आणि कोटातले वकील एकाच रांगेत असतात.

मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. पायच्या दुकानात माझं कसं होणार अशी धास्ती होती. प्रेस्टनला काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मग बटर पाय घे, राणी." बटाट्याच्या चकत्या, कांदा, लोणी, मीठ आणि भरपूर पांढरी मिरी, बाहेर जाड, खुसखुशीत आवरण. लँकेशायरात कॅथलिक वस्ती पूर्वीपासून मोठी. शुक्रवारी त्यांना मांस वर्ज्य, म्हणून हा शुक्रवारचा पाय. उपासाच्या नेमातून जन्मलेला पदार्थ तो. गरम असताना आतला कांदा लोण्यात विरघळलेला असतो आणि मिरीचा झणका थेट टाळूला लागतो. इंग्रजांच्या जेवणाला चव नसते म्हणणाऱ्यांना मी आधी इथे आणते. कचेऱ्यांच्या कँटीनमधल्या पाणचट गाजर-कोबीबद्दल ते म्हणत असतील तर मी वाद घालत नाही, ते खरंच बेचव असतं.

प्रेस्टनची आणखी एक गोष्ट माझ्या माळकरी माहेराला आवडेल. 1832 साली जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या साथीदारांनी याच गावात दारू सोडण्याची शपथ घेतली, आणि तिथून दारूबंदीची चळवळ गिरणीगावांत पसरली. कामावरून सुटलेल्या माणसानं जायचं कुठे? गुत्त्याला पर्याय हवा. म्हणून दारू न विकणारे बार निघाले. त्यांतला एक रॉटनस्टॉल नावाच्या डोंगराकडच्या गावात अजून चालू आहे, फिट्झपॅट्रिक्सचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. लाकडी काउंटर, मागे फळ्यांवर मुळ्या-सालींच्या बरण्या, चिनी मातीचे तोटीवाले रांजण. तिथे सार्सापरिला मागितलं. पेला पुढे आल्याबरोबर अनंतमुळाच्या सरबताचा वास आला. वनस्पती वेगळी, पण वासाचं घराणं एकच. डँडेलियन आणि बरडॉक नावाच्या दोन रानटी मुळांचं पेय त्याहून कडसर आणि दाट असतं. हिवाळ्यात ते गरम करून देतात. बाहेर पाऊस पिरपिरत होता, आत चार म्हातारे फुटबॉलवर तावातावानं बोलत होते, आणि सगळ्यांच्या हातात मुळांचा काढा होता. माझे आजोबा त्या बाकावर सहज शोभले असते.

आता गोळ्यांकडे येते. 1874 साली ब्रिटननं साखरेवरची जकात काढून टाकली. साखर स्वस्त झाली आणि गोळ्या-चॉकलेटं गिरणीकामगाराच्या पोराच्या हाती आली. त्याआधी ती सरदार-दरकदारांची चैन होती. विगन गावात विल्यम सँटसच्या घरचा 1898 पासूनचा धंदा आहे, अंकल जोज मिंट बॉल्सचा. साखर, पुदिन्याचा अर्क आणि क्रीम ऑफ टार्टर, एवढ्यावर हे गोळे होतात. रंग चहाच्या पाण्याचा. थंडीत एक गालात ठेवून चालायला लागलं की छातीपर्यंत ऊब उतरते. त्या भागात कोळशाच्या खाणी होत्या. धुळीनं सुकलेल्या घशाला या गोळीचा केवढा आधार असेल ते ती चघळताना समजतं.

गावोगावच्या जुन्या गोळ्यांच्या दुकानांत काचेच्या बरण्यांची भिंत असते. पेअर ड्रॉप्स, हम्बग, लेमन शर्बत, रुबार्ब अँड कस्टर्ड. जुनी माणसं अजून 'क्वार्टर' मागतात, म्हणजे पाव पौंड, शंभर ग्रॅमच्या थोडं वर. दुकानदार बरणी तिरकी करतो, तराजूच्या ताटलीत गोळ्या खणखणतात, मग कागदी पुडी. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या लहानपणीचं सांगितलं. महायुद्धात 1942 च्या जुलैपासून गोळ्या-चॉकलेटं रेशनवर होती. युद्ध संपून वर्षं लोटली तरी रेशन चालूच. मध्ये 1949 साली उठवलं, पण मुलांनी दुकानं इतकी रिकामी केली की काही महिन्यांत पुन्हा लावावं लागलं. अखेर 5 फेब्रुवारी 1953 ला सुटका झाली. त्या दिवशी शाळेतून सुटून सगळी पोरं थेट दुकानावर धावली, असं सांगताना त्यांचे डोळे चमकत होते.

1942 हे साल ऐकून मी त्यांना आमच्या बाजूची गोष्ट सांगितली. धुळ्याहून मुंबईकडे निघालं की मालेगाव लागतं. त्या तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी 1933 साली साखरेचा कारखाना काढला. आणि ज्या 1942 मध्ये ब्रिटनच्या मुलांच्या गोळ्या रेशनवर गेल्या, त्याच साली रावळगावनं गोळ्या करायला घेतल्या. रीत इथलीच: साखर आणि ग्लुकोज सुमारे दीडशे अंशांपर्यंत उकळायचं, त्यात रंग-वास घालायचा, निवत आलं की गोळ्या पाडायच्या. पण पुढे रावळगावनं तिच्यात पानाची चव घातली, आंब्याची घातली. धुळ्याच्या एसटी स्टँडवर पान पसंदची गोळी घेतल्याशिवाय माझ्या सासऱ्यांचा प्रवास सुरू होत नसे. 2024 साली तो ब्रँड रिलायन्सकडे गेला. अहिराणी मुलखातल्या एका खेड्याचं नाव देशभरच्या पोरांच्या जिभेवर बसलं होतं, याचं मला आजही अप्रूप आहे. पुढच्या खेपेला येताना शेजारच्या आजोबांसाठी पान पसंद घेऊन आले. ती त्यांनी इतका वेळ न बोलता चघळली की मला काळजी वाटायला लागली. मग म्हणाले, "आणखी आहेत का?"

गिरणीगावांची पूर्वीची मोठी सुट्टी म्हणजे 'वेक्स वीक'. आठवडाभर अख्खी गिरणी बंद, बॉयलरची डागडुजी, आणि अख्खं गाव रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर. प्रत्येक गावचा आठवडा निराळा. तिथून परत येताना घरी न्यायची वस्तू ठरलेली, ब्लॅकपूल रॉक. साखरेची गुलाबी कांडी, आणि कुठेही तोडली तरी आत 'ब्लॅकपूल' अक्षरं. अक्षरं वरून छापतात असं मला वाटलं होतं, पण ती मुळातच साखरेत बांधलेली असतात. उकळलेला पाक लोखंडी टेबलावर ओततात. त्यातला काही भाग आकड्यावर ओढून-ओढून हवेनं पांढराशुभ्र करतात, काही लाल रंगवतात. मग लाल-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींवर रचून हात-हात लांबीचं एकेक अक्षर तयार होतं. चौकोनी बांध्याची अक्षरं आधी, कारण ती दबत नाहीत. 'ओ'सारखी गोल सगळ्यांत शेवटी, नाहीतर गरम साखर दबून गोलाचा लंबगोल होतो. सगळी अक्षरं वर्तुळात मांडून, मधली जागा पांढऱ्या साखरेनं भरून, बाहेरून गुलाबी पांघरूण घातलं की माणसाच्या धडाएवढा ओंडका होतो. तो फिरवत, ताणत, बारीक करत अंगठ्याएवढा आणला की आतली अक्षरंही त्याच मापानं बारीक होतात. हे सगळं साखर गरम आहे तोवर, हातांनी. खायला ती निव्वळ साखर आणि पुदिना आहे, मला फार आवडत नाही. पण करणाऱ्यांचे हात बघावेत! होळीच्या सुमाराला आमच्याकडे साखरेचे हार-कंगन करणाऱ्यांचे हात मी लहानपणी असेच बघत बसायची.

पेनाईन डोंगर ओलांडला की यॉर्कशायर. कापूस मागे पडतो, लोकर सुरू होते. तिथल्या पाँटेफ्रॅक्ट गावात एके काळी ज्येष्ठमधाची शेतं होती. जॉर्ज डनहिल नावाच्या औषधविक्यानं 1760 साली ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घातली आणि खोकल्याच्या औषधाची मिठाई झाली. काळी, चकाकती, रुपयाएवढी चकती, वर किल्ल्याचा ठसा. पुढे कारखाने आल्यावरही हा ठसा बाया हातानं मारायच्या. एकेक बाई दिवसाला हजारो चकत्या करायची. आमच्याकडे गाणाऱ्यांच्या आणि कीर्तनकारांच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी असते, त्यामुळे ही चव मला परकी नव्हतीच. माझ्या ऑफिसातल्या तरुण इंग्रज मुलींना मात्र ती सोसत नाही. त्यांच्या वाटच्या चकत्या माझ्याकडे येतात.

पण यॉर्कशायरात मी ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा जाते, ती एक भाजी आहे. रुबार्ब. चुक्याच्याच कुळातली, देठ आंबट, पानं विषारी. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांच्या त्रिकोणात ती अंधारात पिकवतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी एका शेतकऱ्याची शेड बघायला गेलो होतो. बाहेर शेतात बर्फाचा पापुद्रा. ठेंगणं, लांबलचक, बिनखिडकीचं लाकडी छप्पर. दार उघडून आत घेतलं आणि लगेच लावून टाकलं, कारण उजेड नको. आत उबदार ओल, मातीचा वास, आणि दूरदूरवर मांडलेल्या मोजक्या मेणबत्त्या. डोळे सरावले तेव्हा दिसलं, जमिनीवर पायही ठेवायला जागा नाही इतके दाट, गुडघ्याच्या वर आलेले गुलाबी देठ, टोकाला मुठीएवढं पिवळं पान. शेतकऱ्यानं बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळानं आवाज आला: टप्. मग दुसरीकडून, टप्. कोंब आपलं वेष्टण फोडत होते, आणि ते कानाला ऐकू येत होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी. पीक वाढताना मी पुष्कळ पाहिलंय, ऐकलं पहिल्यांदा.

शेतकऱ्यानं सगळं खुलासेवार सांगितलं. गड्डा दोन वर्षं उघड्या शेतात वाढवायचा आणि त्याचा एकही देठ तोडायचा नाही. पानांनी कमावलेलं सगळं मुळात साठू द्यायचं. थंडीचा कडाका बसला की गड्डे उपटून शेडमध्ये एकाला एक चिकटवून मांडायचे. उजेड नाही म्हणून पानाला काम नाही. मुळातल्या साठ्यावर देठ भराभर वर येतो, कोवळा आणि कमी आंबट. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात, हातानं. हंगाम संपला की तो गड्डा पार रिता झालेला असतो, टाकूनच द्यावा लागतो. पूर्वी शेड तापवायला शेजारच्या खाणींचा स्वस्त कोळसा होता आणि शेताला खत म्हणून लोकरीच्या गिरण्यांतला कचरा. तो कचरा हळूहळू कुजतो आणि नत्र देत राहतो. गिरणीची रद्दी शेतात आणि शेतातलं पीक लंडनच्या बाजारात. हंगामात त्यासाठी खास रेल्वेगाडी सुटायची. मी त्याला आमच्या सावद्याच्या, निंभोऱ्याच्या स्टेशनांवरून दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या वॅगनबद्दल सांगितलं. मग आम्ही दोघं भाव, मजुरी आणि हवामान यांवरच बोलत बसलो. 2010 साली युरोपनं या रुबार्बला भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं. आमच्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागदानं भाव आपोआप वाढत नाही, यावर त्याचं आणि माझं एकमत झालं.

रुबार्बचा खरा थाट क्रंबलमध्ये. देठाचे तुकडे साखरेवर, वर लोणी नि पिठाचा भुगा, भट्टीत वरून लालसर होईपर्यंत. आणि सोबत कस्टर्ड, गरम, ओतून. कस्टर्डच्या पिवळ्या पावडरचा इतिहास शाकाहाऱ्यांनी माहीत करून घ्यावा. बर्मिंगहॅमचा रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड बर्ड याच्या बायकोला अंडं चालत नसे. तिच्यासाठी त्यानं 1837 साली मक्याच्या पिठावर कस्टर्ड केलं, अंड्याशिवाय. खान्देशातल्या लग्नांच्या पंगतीत फ्रूट सॅलड म्हणून जे वाढतात, त्याचं मूळ त्या एका नवऱ्याच्या खटपटीत आहे.

केळीचा धागा मला डर्बीशायरपर्यंत घेऊन गेला. बेकवेल गावाजवळ चॅट्सवर्थचा वाडा आहे, ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. 1830 च्या दशकात तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानं मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप काचघरात वाढवलं, त्याला फळं धरली, आणि मालकाच्या आडनावावरून त्या केळीला कॅव्हेंडिश म्हणू लागले. रावेर-यावलच्या बागांतली बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. ज्या केळीवर माझ्या मामांची घरं उभी राहिली, तिच्या गटाचं नाव या थंडगार दगडी वाड्यातलं आहे, हे तिथे उभं राहून मनात घोळवत होते. नंतर बेकवेलला जाऊन तिथलं पुडिंग खाल्लं. पापुद्र्यांच्या वाटीत जॅम, त्यावर अंडं-लोणी-बदामाचा लुसलुशीत थर. स्वयंपाकिणीच्या हातून काहीतरी उलटसुलट झालं आणि त्यातून हे जन्मलं, अशी कथा गावात सांगतात. गरम खावं. सुपरमार्केटात मिळणारा पांढऱ्या साखरेच्या थराचा बेकवेल टार्ट हे त्याचं नाव लावणारं दुसरंच कुणीतरी आहे.

आणि केळीचा बॅनॉफी पाय. 1971 साली ससेक्समधल्या जेव्हिंग्टन गावच्या 'द हंग्री मंक' हॉटेलात तो पहिल्यांदा झाला: आटवलेल्या दुधाचा डबा तासन् तास उकळून केलेली टॉफी, वर केळी, वर साय. दूध आटवण्यात मुरलेल्या धुळ्याच्या घरात हा पदार्थ पहिल्याच प्रयत्नात जमला आणि दिवाळीच्या फराळात शिरला.

धुळ्याला मी दरवेळी काहीतरी करून बघते. मागच्या दिवाळीत पार्किन केलं. लँकेशायर-यॉर्कशायरचा हा हिवाळ्यातला केक. ओट्सचं जाडसर पीठ, सुंठ, लोणी आणि ट्रीकल, म्हणजे साखर करताना उरणारा काळा पाक. ट्रीकल धुळ्यात कुठलं? सासूबाई म्हणाल्या, काकवी घे. ओट्सऐवजी त्यांनीच ज्वारीची कणी काढून दिली. घरी भट्टी नाही. पण दिवाळीत नानकटाई भाजायला मोहल्ल्यातल्या बेकरीत पत्रे नेतोच, त्याच रांगेत माझाही डबा लागला. नानकटाईची भट्टी ओसरल्यावर, मंद आचेत तासभर. झाकण काढलं तर सुंठ-काकवीचा असा वास सुटला की रांगेतल्या बायांनी नानकटाई सोडून माझ्याभोवती गर्दी केली.

सासूबाईंनी घरी येताच एक तुकडा मोडला. "गोड शे," म्हणाल्या, "पन तूप कमी पडनं." बेकरीवाल्या चाचांनी मात्र कृती लिहून मागितली. मी त्यांच्या बिलाच्या कागदाच्या पाठीवर लिहून दिली: ज्वारीची कणी आणि कणीक समसमान, त्याच्या निम्मी काकवी, सुंठ सढळ हातानं, सोडा चिमूटभर, आणि तूप सासूबाईंच्या मापानं. खाली दोन रेघा मारून लिहिलं की भाजल्याबरोबर विकू नका. डबा घट्ट बंद करून तीन-चार दिवस ठेवा. आधी कोरडं लागतं, मग काकवी आत मुरून वडी ओलसर, चिकट होते. चाचांनी वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "दिवाळीत तीन दिवस डबा बंद ठेवायचा? आमच्या पोरांना हे कोण सांगणार?"